शंकेला अनुमोदक हवा आहे

नवी मुंबईकरहो,

महापालिकेची सर्वसाधारण सभा ज्यांनी एकदा तरी पाहिली आहे, त्यांच्या कानात तो आवाज असेल. विषय पुकारला जातो, एक जण सूचक म्हणून उभा राहतो, दुसरा बसल्या जागेवरून अनुमोदन देतो आणि मग बाकांवरून एका लयीत येतं, 'मंजूर, मंजूर, मंजूर.' कधी कधी तर विषय वाचून संपायच्या आत. ठरावाला सूचक लागतो, अनुमोदक लागतो. शंका काढणाऱ्याला मात्र अनुमोदक द्यायची रीत आपल्याकडे नाही. तो एकटा उभा राहतो आणि एकटाच खाली बसतो.

हे आवाहन त्या रिकाम्या जागेसाठी आहे. तातडीचं अशासाठी, की १५ जानेवारी २०२६ रोजी आपण मतदान केलं. मे २०२० पासून ज्या महापालिकेचा कारभार प्रशासक पाहत होते, तिथे एवढ्या वर्षांनी लोकांनी निवडलेलं सभागृह आलं. अठ्ठावीस प्रभाग, १११ नगरसेवक. त्यांच्या मागे शाखा, संपर्क कार्यालयं, महिला आघाड्या, युवा आघाड्या आणि प्रत्येकाचे चार-चार व्हॉट्सअॅप ग्रुप. नव्या घरात पहिल्या महिन्यात चपला जिथे काढल्या जातात, तिथेच त्या पुढची दहा वर्षं निघतात. सभागृहाचं आणि शाखेचंही तेच. पहिल्या वर्षात 'मम' म्हणायची सवय लागली, की ती पाच वर्षं जात नाही.

मी नेता नाही. एका पक्षाच्या शाखेत बावीस वर्षं सतरंज्या उचलल्या, बॅनर बांधले, याद्या फोडल्या. पक्षाचं नाव सांगत नाही, कारण सांगितलं की निम्मे वाचक 'त्यांच्यात तसंच चालतं' म्हणून पान उलटतील. सगळ्यांत तसंच चालतं. मी जे सांगणार आहे त्यात मी स्वतः आरोपी आहे, एवढं आधीच कबूल करतो.

आमच्या सेक्टरात संध्याकाळी फुटपाथवर भाजी विकणाऱ्या बायका बसत. त्यांना उठवून ओटला मार्केटमध्ये नेण्याचं घाटत होतं. शाखेत बैठक लागली. वरून निरोप आला होता, फेरीवाल्यांवरच्या अन्यायाविरुद्ध विभाग कार्यालयावर मोर्चा. पंधरा-सोळा जण होतो. पंखा कुरकुरत होता, भिंतीवर साहेबांचे तीन वेगवेगळ्या वयांतले फोटो, कागदी कपातला चहा आणि हजेरीची वही हातोहात फिरत होती. घोषणा कोणत्या, टेम्पो कोणाचा, पाण्याच्या बाटल्या कोण आणणार, इथपर्यंत सगळं ठरलं. तेव्हा कोपऱ्यातून एक मुलगी म्हणाली, "पण त्या बायकांना विचारलंय का कोणी? त्यांतल्या बऱ्याच जणींना ओटला हवाच आहे. पावसात डोक्यावर छप्पर मिळतं."

पदवी होऊन सहा महिने झाले असतील तिला. आमच्यातली एकटीच, जी बैठकीत वही-पेन घेऊन यायची.

शाखाप्रमुख तिच्यावर ओरडले नाहीत. ओरडले असते तर बरं झालं असतं, कोणीतरी मध्ये पडलं असतं. ते हसले. "ताई, साहेबांनी ठरवलंय." मग आम्ही सगळे हसलो. मीही. खरं सांगायचं, तर ती म्हणत होती ते मला ठाऊक होतं. माझी बायको त्याच बायकांकडून भाजी घ्यायची आणि आदल्याच आठवड्यात तिने घरी येऊन हेच सांगितलं होतं. मी कप तोंडाला लावला. ती मुलगी बोलताना मधूनच माझ्याकडे बघत होती. का, ते मला तेव्हा कळलं नाही.

मोर्चा निघाला. विभाग कार्यालयाच्या फाटकावर त्याच बायकांपैकी सात-आठ जणी आमच्या आधी येऊन उभ्या होत्या. एक म्हणाली, "दादा, आमचं नाव घेऊन बोंबलू नका, ओटले जातील आमचे." आम्ही तरीही घोषणा दिल्या, कारण टेम्पोचं भाडं दिलेलं होतं. दुसऱ्या दिवशी पेपरात दोन इंच बातमी आली, तीही कापून वहीत चिकटवली. त्या मुलीने मात्र बैठकांना येणं सोडलं आणि ती का येत नाही, हे आम्ही कोणी विचारलं नाही.

मराठीत या रोगाची लक्षणं सांगणारे शब्द कमी नाहीत. री ओढणं. मम म्हणणं. होयबा, नंदीबैल. पण हे सगळे शब्द लोचट माणसासाठी आहेत, ज्याला काहीतरी पदरात पाडून घ्यायचं आहे त्याच्यासाठी. आमच्या खोलीतल्या पंधरा जणांत लोचट फार तर दोघे होते. उरलेले भली माणसं. प्रत्येकाला वाटत होतं, बाकीच्यांना हे पटलेलं दिसतंय, मग मलाच काहीतरी कमी कळत असणार. पंधरा जण एकमेकांकडे बघून गप्प बसले आणि त्या गप्प बसण्याला आम्ही एकमत म्हटलं.

अमेरिकेतल्या आयर्विंग जॅनिस नावाच्या मानसशास्त्रज्ञाने १९७२ मध्ये यावर एक पुस्तक लिहिलं. एप्रिल १९६१ मध्ये अध्यक्ष केनेडींनी क्युबात फिडेल कॅस्ट्रोंविरुद्ध सुमारे चौदाशे बंडखोर उतरवले. तीन दिवसांत डाव उधळला, अकराशेहून जास्त जण पकडले गेले. हा बेत ज्या खोलीत शिजला, तिथे देशातली निवडक हुशार माणसं बसत होती. त्यांतले एक, इतिहासकार आर्थर श्लेसिंजर यांना हा वेडेपणा वाटत होता. त्यांनी अध्यक्षांना तसं लेखी कळवलंही. पण भर बैठकीत ते गप्प राहिले आणि पुढे त्याबद्दल त्यांनी स्वतःलाच दोष दिला. मधल्या काळात अध्यक्षांचे भाऊ रॉबर्ट केनेडी यांनी त्यांना एका घरगुती समारंभात बाजूला घेऊन समजावलं होतं, की अध्यक्षांचा विचार झालेला आहे, आता ताणू नका.

साहेबांनी ठरवलंय. वॉशिंग्टन असो की आमच्या सेक्टरातला दुकानावरचा पोटमाळा, वाक्य तेच.

मला यात दिलासा देणारा भाग पुढचा वाटतो. दीड वर्षाने, ऑक्टोबर १९६२ मध्ये, रशियाने क्युबात अण्वस्त्रं ठेवल्याचं उघड झालं. माणसं बरीचशी तीच होती. पण या वेळी केनेडींनी बैठकीची रीत बदलली. काही बैठकांना ते मुद्दाम गेले नाहीत, म्हणजे बाकीचे त्यांच्या चेहऱ्याकडे बघून बोलणार नाहीत. दोन जणांना कामच दिलं, की येईल त्या सूचनेतली खोट शोधायची. जग त्या तेरा दिवसांतून वाचलं. माणसं बदलावी लागली नाहीत, खोलीतला रिवाज बदलला.

आता दूरचं सोडून घरचं बघू.

मे २०१६ मध्ये तुकाराम मुंढे आपल्याकडे आयुक्त म्हणून आले. त्यांच्या कामाच्या पद्धतीवरून शहर दुभंगलं, हे तुम्हाला आठवत असेल. माझ्या ओळखीच्या घरात बाप त्यांच्या नावाने बोटं मोडायचा आणि मुलगी सकाळी त्यांच्या 'वॉक विथ कमिशनर'ला जायची. गावठाणातल्या घरांचा प्रश्न, फेरीवाल्यांचा, ठेकेदारांचा, मार्जिनल जागांचा, प्रत्येक बाबतीत लोकांचं मत निराळं. एखाद्याला तोडकाम पटत होतं, पण बोलण्याची तऱ्हा नाही. दुसऱ्याला नेमकं उलट. २५ ऑक्टोबर २०१६ रोजी सभागृहात त्यांच्यावर अविश्वास ठराव आला. शंभराहून अधिक नगरसेवक ठरावाच्या बाजूने, सहा विरोधात. राष्ट्रवादी, शिवसेना, काँग्रेस, एरवी एकमेकांचं तोंड न बघणारे पक्ष एका रांगेत.

मुंढे बरोबर होते की चूक, यावर मला इथे बोलायचंच नाही. सरकारने त्यांना लगेच हलवलं नाही, मार्च २०१७ मध्ये बदली झाली, विषय संपला. मला खटकतात ते सहा. लोकशाहीची लाज राखली म्हणून त्या वेळी अनेकांनी त्यांचं कौतुक केलं. पण ते सहाही एकाच पक्षाचे, भाजपचे होते. म्हणजे विरोधही गटानेच केला. ज्या प्रश्नावर दिघ्यापासून बेलापूरपर्यंत घराघरात भांडणं होती, त्या प्रश्नावर १११ जणांच्या सभागृहात मतांची फाळणी पक्षाच्या रेघेवरूनच झाली. गावठाणातला नगरसेवक आणि सिडकोच्या इमारतींतला नगरसेवक यांचं मत तंतोतंत एक कसं निघालं? त्यांच्या मतदारांचं तर निघालं नव्हतं.

आणि आपल्या शहरात गट हा पक्षाहूनही जुना. सप्टेंबर २०१९ मध्ये गणेश नाईक राष्ट्रवादीतून भाजपमध्ये गेले, तेव्हा नगरसेवकांचा मोठा गट त्यांच्याबरोबर गेला. त्याआधी १९९९ मध्ये ते शिवसेनेतून बाहेर पडले होते, तेव्हाही शहराच्या सत्तेचं माप त्यांच्या मागे फिरलं. २०२२ आणि २०२३ मध्ये राज्यातले दोन मोठे पक्ष फुटल्यावर तर 'गट' हा शब्द बातम्यांच्या मथळ्यातच जाऊन बसला. कोणी कुठे जावं हा ज्याचा त्याचा प्रश्न. पण चाळीस-पन्नास माणसं एका दिवशी, एका वेळी, एकाच निष्कर्षाला पोचतात, तेव्हा त्यांतल्या किती जणांनी आदल्या रात्री एकट्याने विचार केला असेल, हे विचारायला हरकत नसावी.

या सगळ्यात माणसं मरत नाहीत, असं कोणी म्हणेल. खारघर आठवा.

१६ एप्रिल २०२३. सेंट्रल पार्कच्या बाजूचं कॉर्पोरेट पार्क मैदान. महाराष्ट्र भूषण पुरस्काराचा सोहळा, समोर पुरस्कार घेणाऱ्यांचे लाखो अनुयायी, श्रीसदस्य. व्यासपीठावर सावली होती. समोर बसलेल्यांच्या डोक्यावर ऊन. चौदा माणसं उष्माघाताने गेली. त्यांना कोणी जबरदस्तीने आणलं नव्हतं, ती श्रद्धेने आली होती, काही तर आदल्या दिवसापासून. असा सोहळा एका माणसाच्या हुकमावर होत नाही. शासनाची खाती, पोलीस, आरोग्य यंत्रणा, पाणी, वाहतूक, मंडपवाले, स्वयंसेवक, सगळ्यांच्या बैठकांवर बैठका लागतात. एप्रिल, कोकणपट्टी, भर दुपारच्या तोंडावर, उघडं मैदान. या चार गोष्टी कोणीही फळ्यावर एकाखाली एक लिहिल्या असत्या, तर पाचवीतल्या पोरानेही हात वर केला असता. आपल्याकडे लग्नाचा मांडव घालताना म्हातारी आजी पहिलं विचारते, "ऊन कुठून येतं रे?" एवढ्या मोठ्या यंत्रणेत त्या आजीची खुर्ची नव्हती.

त्यानंतर राज्य सरकारने दुपारी बारा ते पाच उघड्यावर कार्यक्रम घेणार नाही, असं जाहीर केलं. चौदा मरणांनंतर जो शहाणपणा जाहीर झाला, तो आधीच्या एखाद्या बैठकीत फुकट मिळण्यासारखा होता. दर वर्षी एप्रिल येतो आणि दर वर्षी कुठला तरी मेळावा, कुठलं तरी भूमिपूजन साहेबांच्या वेळेनुसार दुपारी लागतं. तुमच्या शाखेत ती तारीख ठरत असेल, तर तुम्ही आत्ताच त्या खोलीत आहात.

इथे मला आमच्याच माणसांचा आक्षेप ऐकू येतो. दादा, एकी नसती तर साडेबारा टक्के मिळाले असते का?

नसते मिळाले. जानेवारी १९८४ मध्ये दि. बा. पाटलांच्या नेतृत्वाखाली जासई-दास्तान फाट्यावर माणसं उभी राहिली, दोन दिवसांत गोळीबारात पाच शेतकरी गेले. संपादित जमिनीच्या साडेबारा टक्के विकसित भूखंड शेतकऱ्याला परत मिळण्याचं तत्त्व त्या रक्तातून आलं. २४ जून २०२१ ला विमानतळाला दि. बां.चं नाव मिळावं म्हणून सिडको भवनाला हजारोंनी वेढा घातला, तेव्हा वेगवेगळ्या पक्षांची माणसं आपापले झेंडे बाजूला ठेवून एका मागणीसाठी आली होती. रस्त्यावर एकी लागतेच. पण रस्त्यावरची एकी आणि खोलीतलं एकमत या दोन वस्तू निराळ्या. दि. बा. शेतकरी कामगार पक्षात वाढले. त्या पक्षाच्या बैठकांत तासन्तास वाद चालायचे, ते ऐकत आमच्या आधीची पिढी मोठी झाली. रात्रभर भांडलेली माणसं सकाळी एका रांगेत चालतात, ती एकी. रात्री कोणी बोललंच नाही म्हणून सकाळी रांग सरळ दिसते, तिला एकी म्हणू नका.

आपल्या आगरी-कोळी गावांत गावकी आहे. गावकीने देवळं बांधली, जत्रा चालवल्या, जमिनीच्या लढ्यात घरटी माणूस उभा केला. त्याच गावकीने, विशेषतः रायगडात, न ऐकणाऱ्याला वाळीतही टाकलं. लग्नाला बोलवायचं नाही, मर्तिकाला खांदा द्यायचा नाही, दुकानात सामान द्यायचं नाही. प्रकरणं एवढी वाढली, की सामाजिक बहिष्काराविरुद्ध २०१६ मध्ये महाराष्ट्राला वेगळा कायदा करावा लागला. जुलै २०१७ पासून तो लागू आहे आणि वाळीत टाकणाऱ्याला तीन वर्षांपर्यंत कैद होऊ शकते. पक्षाच्या ग्रुपवरून काढून टाकणं, पुढच्या बैठकीचा निरोपच न देणं, बॅनरवरून फोटो गाळणं, ही त्याच वाळीची शहरी आवृत्ती. तिला कायदा लागत नाही. शब्दही तयार असतात: फितूर, गद्दार, घरभेदी, 'याला कोणीतरी फूस लावली'. पूर्वी हे शब्द शत्रूला मिळालेल्यासाठी वापरत. आता प्रश्न विचारणाऱ्याला लावतात. शब्दांची एवढी स्वस्ताई मी उभ्या आयुष्यात पाहिली नाही.

वरच्या पातळीवर तरी काय वेगळं? २५ जून १९७५ च्या रात्री राष्ट्रपतींनी आणीबाणीवर सही केली आणि दुसऱ्या दिवशी पहाटे सहाच्या सुमारास केंद्रीय मंत्रिमंडळाला बोलावून ते सांगण्यात आलं. त्या बैठकीत प्रश्न विचारला तो सरदार स्वर्णसिंगांनी, तोही सौम्य. त्यांच्यामागे दुसरा कोणी बोलला नाही. बैठक लवकर आटोपली आणि देश एकवीस महिने गप्प झाला. स्वर्णसिंगांना एक अनुमोदक मिळाला असता तर आणीबाणी टळली असती, असा भाबडा दावा मी करणार नाही. पण ती पहाट इतकी सोपी गेली नसती.

उलट उदाहरणही आपल्याच मातीतलं आहे. चिंतामणराव देशमुख १९५२ मध्ये कुलाब्यातून, म्हणजे आजच्या रायगडातून, लोकसभेवर गेले होते. देशाचे अर्थमंत्री. मुंबई महाराष्ट्राबाहेर ठेवण्याचं ठरलं, तेव्हा १९५६ मध्ये त्यांनी नेहरूंच्या मंत्रिमंडळाचा राजीनामा दिला. त्यांचा आक्षेप निर्णयावर होता तसा पद्धतीवरही होता: हे मंत्रिमंडळात नीट चर्चेला आलंच नाही. आपण त्यांना संयुक्त महाराष्ट्राचे म्हणून आठवतो, पण बैठकीच्या शिस्तीसाठी खुर्ची सोडणारा माणूस म्हणूनही आठवायला हवं.

मी तुमच्याकडे राजीनामे मागत नाही. धैर्यही मागत नाही, ते मलाच जमलं नाही. मागतो आहे ते त्याहून पुष्कळ स्वस्त आहे.

सॉलोमन अॅश या मानसशास्त्रज्ञाने १९५० च्या सुमारास एक साधा प्रयोग केला. कागदावरच्या तीन रेघांपैकी कोणती चौथ्या रेघेएवढी, एवढंच सांगायचं. उत्तर उघड होतं. पण खोलीतले बाकीचे सगळे आधीच ठरवून चुकीचं उत्तर देत आणि मधे बसलेला एकच खरा पाहुणा असे. साधारण एक तृतीयांश वेळा त्या पाहुण्यानेही डोळ्यांसमोरचं सोडून चुकीचंच उत्तर दिलं. मग अॅशने खोलीत खरं उत्तर देणारा फक्त एक जोडीदार बसवला. चुकांचं प्रमाण पाच-सहा टक्क्यांवर आलं. बाकी सगळे विरोधात, तरीही. एक माणूस पुरला.

त्या दिवशी शाखेत तो एक माणूस मी होऊ शकलो असतो. म्हणून माझी विनंती पहिल्याला नाही. पहिला कुठून तरी येतोच, वही-पेन घेऊन. विनंती दुसऱ्याला आहे. तुमच्या बैठकीत कोणी शंका काढली, तर ती तुम्हाला पटलेली नसली तरी एवढंच म्हणा, "माझं अनुमोदन, हे जरा ऐकून घेऊ." सहा शब्द. त्यात साहेबांचा अपमान नाही, बंड नाही. विघ्नसंतोषी माणसं प्रत्येक गटात असतात, ऊठसूट फाटे फोडणारी, मला ठाऊक आहे. त्यांचं ऐकायला पाच मिनिटं जातील. जाऊ द्या. चहा यायला त्याहून जास्त वेळ लागतो.

शाखाप्रमुखांनो, तालुकाध्यक्षांनो, सोसायट्यांच्या अध्यक्षांनो, तुम्ही शेवटी बोला. तुम्ही आधी बोललात, की त्यानंतरची बैठक म्हणजे आरती, सगळे टाळ्या वाजवतात. महत्त्वाच्या विषयाला एखाद्याला मुद्दाम उलट बाजू मांडायला सांगा आणि दर वेळी माणूस बदला, नाहीतर तो 'तसाच आहे' म्हणून ओळखला जाईल. आणि तुमच्या ग्रुपवर 'फक्त अॅडमिन संदेश पाठवू शकतात' ही कळ दाबून ठेवलेली असते, ती निर्णयाआधी एक दिवस उघडा. शुभेच्छांचा महापूर येईल, गुलाबाची फुलं येतील, सहन करा. त्यात एखादा कामाचा प्रश्नही येईल.

नगरसेवकांनो, पक्षादेशाची भीती खरी आहे. १९८६ च्या पक्षांतरबंदीच्या कायद्यानुसार पक्षादेशाविरुद्ध मत दिलं तर महापालिकेतलंही पद जाऊ शकतं. पण गटाराच्या निविदेला, उद्यानाच्या आरक्षणाला, पाणथळ जागेवरच्या बांधकामाला पक्षादेश कशाला लागतो? निवडणूक सुधारणांसाठीच्या दिनेश गोस्वामी समितीने १९९० मध्येच सुचवलं होतं, की अपात्रतेचा बडगा विश्वास आणि अविश्वासाच्या मतदानापुरताच ठेवा. तुमच्या गटनेत्याला पहिल्याच बैठकीत हे विचारा, आणि एकट्याने विचारू नका. ज्या विषयावर शंका आहे तिथे मतदान मागा. 'मंजूर, मंजूर'च्या गलक्यात तुमचं नाव बुडतं. इतिवृत्तात नोंदलेला विरोध मात्र वीस वर्षांनीही वाचता येतो.

आणि बाकीचे आपण सगळे, ज्यांना वाटतं की हे राजकारण्यांचं आहे. बेलापूरला मुख्यालयात सभा असेल तेव्हा दोन-चार जण जाऊन नुसते बसा. कोणी बघतंय हे कळलं, की विषय वाचला तरी जातो. दुसरं, क्षेत्रसभा मागा. २००९ मध्ये राज्याने महापालिका कायद्यात तिची तरतूद केली: काही मतदान केंद्रांचं मिळून एक क्षेत्र आणि तिथला प्रत्येक मतदार तिचा सदस्य. ग्रामसभेचं शहरी भावंड. कागदावर ते भावंड कधीचं जन्मलं आहे, पण त्याला अजून अंगणात कोणी आणलं नाही. तुमच्या प्रभागातल्या सगळ्या नगरसेवकांना एकच पत्र लिहा, क्षेत्रसभा कधी? ते दोन पक्षांचे असले तर उत्तमच. उत्तर कोणाचं येतं आणि कोणाचं नाही, हे शेजाऱ्याला दाखवा.

हे लिहायला बसण्याआधी त्या मुलीचा नंबर शोधला. ती आता महापे एमआयडीसीत एका कंपनीत कामाला आहे, लग्न झालंय, घणसोलीत राहते. फोनवर मी त्या बैठकीची आठवण काढली आणि माफी मागायला सुरुवात केली. तिने मध्येच थांबवलं.

"काका, काकू आणि मी त्या भाजीवालीसमोर एकत्रच उभ्या होतो. त्या घरी तुम्हाला सांगतील, हे मला माहीत होतं. म्हणून तर मी बैठकीत बोलले. बोलताना तुमच्याकडेच बघत होते."

येत्या रविवारी आमच्या सोसायटीची सर्वसाधारण सभा आहे. पुनर्विकासाचा विषय आहे. मी पुढच्या रांगेत बसणार आहे.